मीडियम वेव्हच्या मागावर : पुणे ते आंबोली

रस्त्याच्या नकाशात गावांमधली अंतरं किलोमीटरमध्ये दिलेली असतात. रेडिओच्या मीडियम वेव्ह या पट्ट्याला ती मान्य नसतात. कुठलं केंद्र कुठे ऐकू येईल हे ठरतं मधली जमीन कशी आहे, मध्ये पाणी आहे का आणि सूर्य कुठे आहे यावरून. घरी एका जागी बसून ऐकताना यातला सूर्यच तेवढा कळतो. जमीन कळण्यासाठी हलावं लागतं. २०१७च्या डिसेंबरात पुण्याहून कऱ्हाड, कुंभार्ली घाट, रत्नागिरी, देवगड आणि वेंगुर्ल्यावरून आंबोली असा प्रवास केला, तो खास याचसाठी. गाडी मित्राची होती आणि चालवणाराही तोच, त्यामुळे मला रेडिओ मांडीवर घेऊन बसता आलं.

डिसेंबर निवडला कारण तेव्हा विजा नसतात. शेकडो किलोमीटरवर कडाडलेली वीजही मीडियम वेव्हवर जोरदार फटक्यासारखी ऐकू येते, आणि वळवाच्या दिवसांत तर दूरचं काही ऐकणं जवळपास अशक्यच. शिवाय डिसेंबरच्या रात्री मोठ्या.

सोबत दोन संच होते. एक डिजिटल आकडे दाखवणारा छोटा, दुसरा सुईचा, जुना, आत अँटेना म्हणून लांब फेराइटची कांडी असलेला. आणि लाकडी चौकटीवर तांब्याची तार गुंडाळून, गँग कंडेन्सर, म्हणजे केंद्र जुळवायचा फिरता कंडेन्सर, जोडून केलेली एक लूप अँटेना. ती रेडिओला जोडावीही लागत नाही. शेजारी ठेवून गँग फिरवला, की हव्या त्या केंद्राशी जुळते आणि नुसत्या सान्निध्यानं आवाज उचलून धरते.

नव्यांसाठी एक सांगून ठेवतो. आपल्याकडे मीडियम वेव्हवरची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतरानं बसवलेली आहेत. १९७५च्या जिनिव्हा परिषदेत आशिया, युरोप, आफ्रिकेसाठी हे ठरलं. अमेरिका खंडांत हे अंतर १० आहे. म्हणून आपल्या भागातल्या कुठल्याही केंद्राच्या किलोहर्ट्झमधल्या आकड्याला नऊनं नेमका भाग जातो. ५५८, ७९२, ११४३, १२५१, कुठलाही घ्या. अनोळखी संच हातात आला तर आधी त्याची पायरी ९वर आहे ना ते बघायचं.

पहिला दिवस : पुणे ते कऱ्हाड

सकाळी उशिरा निघालो. सुरुवात पुण्याच्या ७९२नं, १०० किलोवॅट. गाडीतले चार्जर काढून टाकले, कारण मोबाइलच्या चार्जरमधली छोटी सर्किटंही मीडियम वेव्हवर मोठी भुणभुण करतात. शिरवळपर्यंत आवाज खणखणीत. फक्त कात्रजच्या नव्या बोगद्यात शिरताच काही क्षणांत बुडाला, बाहेर पडताच परतला. साताऱ्याला शब्द सगळे स्पष्ट, पण मागे बारीक खरखर सुरू झालेली. इथून सांगलीचं १२५१ हळूहळू वर येऊ लागलं. उंब्रजजवळ गाडी थांबवून दोन्ही आलटून पालटून ऐकली. सांगलीचा प्रक्षेपक २० किलोवॅटचा आणि जवळचा, पुण्याचा त्याच्या पाचपट ताकदीचा पण दीडपटीहून लांबचा. शक्ती हा हिशेबाचा एक भाग. दुसरा असा, की दिवसा आवाज येतो तो जमिनीला धरून सरकणाऱ्या लहरीवर, आणि वारंवारता जितकी कमी तितकी ही लहर जमिनीवर कमी झिजते. ७९२ म्हणूनच इतक्या दूर टिकतं.

दिवसा आकाशाची वाट बंद असते. सूर्यप्रकाशानं ६० ते ९० किलोमीटर उंचीवर आयनांचा जो थर तयार होतो, तो मीडियम वेव्ह शोषून घेतो. रात्री तो विरतो आणि त्याच्या वरचे थर लहरींना परत खाली पाठवू लागतात. दिवसाचं ऐकणं म्हणजे जमीन वाचणं, रात्रीचं म्हणजे आकाश. मला दोन्ही हवं होतं.

कऱ्हाडला पोचल्यावर एक नोंद मुद्दाम केली. मुंबईच्या अस्मिता वाहिनीचं ५५८. मालाडच्या प्रक्षेपकापासून कऱ्हाड सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आसपास, पण मध्ये आडवा सह्याद्री आणि बराचसा कोरडा खडक. भर दुपारी लूप लावूनही गाणं चालू आहे एवढंच कळत होतं, कुठलं ते नाही.

रात्री गावाबाहेर, शेतांच्या कडेला बसलो. गावात एलईडी दिव्यांचा गोंगाट काही ऐकू देत नव्हता. आणि इथे एक गोष्ट झाली, जी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चक्रावून टाकते. दिवसा नीट लागणारं पुणे रात्री बिघडलं. आवाज फाटल्यासारखा यायचा, मध्येच पोकळ व्हायचा, पुन्हा भरायचा. दीडशे किलोमीटरच्या आसपास जमिनीवरून येणारी लहर आणि आकाशातून उतरणारी लहर सारख्याच जोरात येतात आणि एकमेकींना कधी साथ देतात, कधी छेदतात. संच बिघडलेला नसतो, दोन वाटांनी आलेलं एकच केंद्र स्वतःशी भांडत असतं. त्याच वेळी साडेचारशे किलोमीटरवरचं हैदराबाद ७३८वर शांत आणि भरदार लागलं होतं, कारण त्याची एकच वाट उरलेली होती.

झोपण्याआधी १५६६. नागपूरचा १,००० किलोवॅटचा प्रक्षेपक, १८ मे १९८८ला सुरू झालेला आकाशवाणीचा राष्ट्रीय चॅनल. तो संध्याकाळी सुरू होऊन रात्रभर चालायचा. देशात कुठेही, कुठल्याही धाब्यावर, ट्रकच्या केबिनमध्ये, रात्रपाळीच्या चौकीत हे केंद्र लागायचं. त्या रात्री त्यावर शास्त्रीय गायन चालू होतं. पुढे वर्षभरानं, २०१९च्या सुरुवातीला, हा चॅनल बंद झाला. रात्रभर जाग्या असणाऱ्या माणसांसाठी रात्रभर जागा असलेला एक आवाज होता. तो ऐकायला मिळाला होता याची नोंद माझ्या वहीत आहे, आणि ती मला मोलाची वाटते.

दुसरा दिवस : कऱ्हाड ते रत्नागिरी

पाटण ओलांडलं आणि कोयनानगर जवळ येऊ लागलं तसा रेडिओ निकामी झाल्यासारखा झाला. कोयनेचं जलविद्युत केंद्र, तिथून निघणाऱ्या उच्च दाबाच्या तारा आणि रस्ता यांची इथे पुन्हा पुन्हा गाठ पडते. तारांखाली सगळ्या पट्ट्यावर एकच तडतड. गंमत म्हणजे तारांपासून थोडं बाजूला गेलं की काही केंद्रं नेहमीपेक्षा जोरात लागतात. लांबच लांब तार ही स्वतःच अँटेना होते, लहर तिच्यावरून धावत येते आणि आसपास पुन्हा पसरते. पोफळीच्या अलीकडे असं एक ठिकाण सापडलं, जिथे सांगली अचानक उसळी मारून वर आलं आणि शंभर पावलांवर पुन्हा गेलं.

कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर रत्नागिरीचं ११४३ पहिल्यांदा नीट लागलं. घाट उतरताना दरीच्या आत ते पातळ झालं, वळणावर कोकणाची बाजू उघडी पडली की परत भरलं. चिपळूणनंतर ते सोबतीलाच होतं.

रत्नागिरीत दूरचं ऐकायला मर्यादा आल्या. स्थानिक केंद्र इतकं जवळ असलं की त्याच्या डाव्या-उजव्या हातच्या जागा, ११३४ आणि ११५२, पूर्ण झाकल्या जातात. भाट्याच्या किनाऱ्यावर थोडा वेळ बसलो, पण दिवसभराच्या वळणांनी दोघंही थकलो होतो. लवकर झोपलो.

तिसरा दिवस : देवगड

पावस, पूर्णगड, जैतापूर करत किनाऱ्याच्या रस्त्यानं दुपारी देवगडला. किल्ल्याच्या बाजूचा, समुद्रात घुसलेला सडा, म्हणजे खडकाळ पठार, मनासारखा मिळाला. विजेच्या तारा लांब, वस्ती लांब, पश्चिमेला नुसतं पाणी.

लूप उभी केली आणि ५५८ लावलं. मुंबई! कऱ्हाडहून इथलं अंतर जास्त, तीनशेच्याही वर, आणि तरी उद्घोषिकेचा श्वास घेतलेला कळावा इतका स्वच्छ आवाज. मालाड ते देवगड ही रेषा किनाऱ्याला घासत, बरीचशी पाण्यावरून जाते. समुद्राचं खारं पाणी कोरड्या खडकाच्या हजारपटीहून जास्त चांगलं वाहक आहे, म्हणून जमिनीला धरून जाणारी लहर त्याच्यावर जवळपास न झिजता सरकते. पुस्तकात हे वाचलेलं होतं. पण परवा दुपारी गाणं ओळखू न येणारं केंद्र आज त्याहून लांबून असं समोर उभं राहिल्यावर मी मित्राच्या हातात संच दिला आणि त्यालाही ऐकायला लावलं. तो या छंदातला नाही. तरी त्यानं लगेच विचारलं, "परवाचंच का हे?"

मग दक्षिणेकडे. लूप फिरवून ६८४वर थांबलो. कोळिकोडचं १०० किलोवॅटचं केंद्र, सहाशेहून अधिक किलोमीटरवर. भर दुपारी, बारीक, पण मल्याळम. आकाशाची वाट अजून बंद असताना पाण्यानं ते इथवर आणून सोडलं होतं.

बंदराकडे जाळी उसवत बसलेल्या एका काकांनी माझी चौकट बघून ती कशाची म्हणून चौकशी केली. पूर्वी होडीवर ट्रान्झिस्टर असायचा, मच्छीमारांसाठीचा हवामानाचा इशारा ऐकायला, असं ते सांगत होते. कुठवर लागायचा म्हणून विचारलं तर म्हणाले, "दर्यात कितीय लांब गेलात तरी रत्नागिरी लागता. घाटार चढलात की ग्येला." मी वहीत जे आकड्यांनी मांडत होतो ते त्यांना होडीवरून ठाऊक होतं.

आता संध्याकाळ. मीडियम वेव्ह ऐकणाऱ्याला सगळ्या दिवसात प्रिय असते ती हीच वेळ. देवगडला सूर्य सहाच्या थोडं पुढे मावळतो, पण कोलकात्यात तो आपल्या घड्याळाप्रमाणे पाचच्या आधीच बुडालेला असतो. अंधार पूर्वेकडून येतो आणि केंद्रंही त्याच क्रमानं येतात. सूर्य अजून क्षितिजावर असताना ५९४वर बांगला शब्द तरंगू लागले. हुगळीजवळच्या चिनसुऱ्याचा १,००० किलोवॅटचा प्रक्षेपक, २०१६च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेली आकाशवाणी मैत्री. सतराशे किलोमीटर. मग हैदराबाद. मग चेन्नईचं ७२०. पश्चिमेकडे मात्र तोवर शांतता, कारण ओमानच्या किनाऱ्यावर सूर्य मावळायला आपल्या घड्याळात पावणेसात वाजतात आणि कुवेतला सव्वासातच्याही पुढे.

पावणेसातनंतर पश्चिमेचा दरवाजा उघडला. १४१३वर बीबीसीचं इंग्रजी, ओमानमधल्या असीलाच्या प्रक्षेपकावरून, दीड हजार किलोमीटर आणि मध्ये जवळजवळ सगळा अरबी समुद्र. राजकोटच्या १,००० किलोवॅटच्या १०७१वरची उर्दू. मग पाकिस्तानातल्या हैदराबादचं १००८, सिंधी गाणी. आपलं तेलुगूतलं हैदराबाद आणि हे सिंधीतलं, दोन्ही एका बैठकीत ऐकली. आठच्या सुमारास ५४०वर कुवेतची अरबी.

५८५वर नागपूर लागलं होतं, पण त्याच्याखाली आणखी काहीतरी हलत होतं. फेराइटच्या कांडीचा एक गुण असा, की तिचं टोक ज्या दिशेला असेल तिकडून येणारा आवाज ती जवळपास पुसून टाकते. संच हळूहळू फिरवत टोक ईशान्येकडे आणलं. एका नेमक्या कोनात नागपूर विरलं आणि त्या मोकळ्या जागेतून अरबी पठण वर आलं. रियाधची वारंवारता हीच. कोन केसभर चुकला की मराठी परत. एकाच आकड्यावर दोन देश, आणि मध्ये मनगटाची एक हालचाल. हे मी मित्राला कितीदा तरी करून दाखवलं.

उशिरा ८८२. श्रीलंकेतल्या पुत्तलमचा ट्रान्स वर्ल्ड रेडिओ, ४०० किलोवॅट. अलप्पुळाचं ५७६ तर आता स्थानिक वाटावं असं. बातम्यांच्या वेळी नुसती सुई सरकवत गेलं तरी केंद्र ओळखता येतं. "वार्तेगळु" म्हटलं की कन्नड, "वार्तगळ" म्हटलं की मल्याळम, "सेय्दिगळ" ऐकलं की तमिळ, "वार्तलु" म्हणजे तेलुगू. पुढचं काही कळलं नाही तरी कुठल्या दिशेला लूप फिरवायची ते कळतं.

चौथा दिवस : देवगडची पहाट, मग मालवण

साडेपाचला पुन्हा सड्यावर. आकाशवाणीची बरीच केंद्रं रात्री बंद होतात आणि सहाच्या आधी पाच-दहा मिनिटं उठतात. त्याआधी प्रक्षेपक तापवलेला असतो, त्यामुळे जिथे खरखर होती तिथे अचानक दाट शांतता पसरते. अशा शांत जागा मी एकेक करून वहीत लिहीत गेलो. मग पाच पंचावन्नला आकाशवाणीची ती सुरुवातीची धून. वॉल्टर काउफमन यांनी बांधलेली, शिवरंजनीच्या सुरांतली. सुई हलवावी आणि पुढच्या जागी तीच धून, त्याच्या पुढे पुन्हा तीच, कुठे दाट, कुठे डगमगणारी, एके ठिकाणी तर दोन केंद्रांची एकमेकींवर चढलेली. मग वंदे मातरम्. आणि त्यानंतर प्रत्येक केंद्र आपापल्या भाषेत वेगळं होतं. एवढा मोठा देश एका सुरावर उठून मग आपापल्या बोलीत बोलू लागतो, हे एका जागी बसून ऐकण्याचं दुसरं साधन मला माहीत नाही.

पहाटेचा क्रम संध्याकाळसारखाच पूर्वेकडून, फक्त आता येण्याऐवजी जाण्याचा. साडेसहापर्यंत चिनसुरा गेलं. पावणेसातनंतर हैदराबाद ओसरू लागलं. देवगडला सूर्य सातला वर आला.

सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून मराठी प्रादेशिक बातम्या. त्या रत्नागिरीही सहक्षेपित करतं, म्हणून एकाच वृत्तनिवेदकाचा आवाज ७९२ आणि ११४३ अशा दोन जागी होता. दोन संच शेजारी ठेवले. रत्नागिरीचा आवाज जमिनीवरून आणि पाण्यावरून, स्थिर. पुण्याचा रात्रीच्या उरलेल्या आकाशातून, हेलकावे खात. बातम्या संपेपर्यंत दुसऱ्या संचातलं बोलणं वाक्यावाक्यानं खाली गेलं. सूर्य वर चढतो आहे हे कानांनी मोजता येतं.

आणि पश्चिम अजून जागी. ओमानमध्ये अजून तासभर रात्र होती. १४१३ साडेसातपर्यंत टिकलं, कुवेत त्याच्या थोडं आधी गेलं. आठनंतर पट्टा दिवसाचा झाला, म्हणजे मुंबई, रत्नागिरी, पणजीचं १२८७ आणि दक्षिणेचे ते पाण्यावरचे पाहुणे.

मालवणला दुपार आणि रात्र काढली. वस्तीत राहिलो होतो, गोंगाट होता, वहीत फारसं काही नाही.

पाचवा दिवस : वेंगुर्ला आणि आंबोली

आज एकच काम होतं. वेंगुर्ला आणि आंबोली ही दोन्ही ठिकाणं मुंबईच्या मालाडच्या प्रक्षेपकापासून सरळ रेषेत जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, ३८० किलोमीटरच्या आसपास. एक समुद्राला लागून, दुसरं घाटमाथ्यावर, सातशे मीटरच्या जवळपास उंचीवर. केंद्र तेच, संच तोच, लूप तीच, दिवस तोच. बदलते ती मधली जमीन.

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर अकराच्या सुमारास ५५८ लावलं. देवगडइतकं भरलेलं नाही, पण भावगीत शब्दांसकट ऐकू आलं. निवेदन पूर्ण उतरवून घेता आलं. सावंतवाडीवरून घाट चढायला लागलो तेव्हा संच चालूच ठेवला होता. दाणोलीपर्यंत आवाज होता, मग प्रत्येक वळणासरशी खरखर वर येत गेली. आंबोलीला, रस्त्यापासून आणि तारांपासून दूर, उघड्या सड्यावर एक वाजता लूप उभी केली. उंचीमुळे काही फायदा होईल असं मित्राला वाटत होतं. एफएमला झाला असता, तिथे अँटेनेला दूरवर दिसावं लागतं. मीडियम वेव्हला पायाखालची आणि मधली जमीन लागते. ५५८वर लूप अगदी नेमकी जुळवल्यावर, संच हलवून हलवून, कधीतरी एखादा स्वर लागत होता. शब्द नाहीत. रत्नागिरीचं ११४३सुद्धा खरखरीत बुडालेलं, काकांनी सांगितलं होतं तसं. त्या जागी सगळ्यात जोरात होतं ते धारवाडचं ७६५, २०० किलोवॅट, दुपारच्या कन्नड कार्यक्रमासह.

दोन्ही जागांचं ध्वनिमुद्रण त्याच मोबाइलवर, त्याच अंतरावरून केलं. ते आणि वेळा, वारंवारता, कार्यक्रमाचा तपशील असा ऐकल्याचा अहवाल नंतर दिल्लीला आकाशवाणीकडे पाठवला. अहवालात वेंगुर्ल्याच्या नोंदीसमोर पाचपैकी तीन गुण लिहिले, आंबोलीसमोर एक, आणि दोन्हींच्या पुढे अंतराच्या रकान्यात ३८०.